सार्वजनिक वसाहती, गुन्हे आणि स्थानिक आकडेवारी : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात

१. प्रश्नाचे स्वरूप

शासनाच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या वसाहतींविषयी एक समज सर्वत्र आढळतो. अशा वसाहतींत व त्यांच्या आसपास चोऱ्या, मारामाऱ्या, अवैध दारू व जुगार यांचे प्रमाण अधिक असते, असे लोक मानतात. हा समज खरा की खोटा, याचे उत्तर वसाहतीच्या लौकिकावरून देता येत नाही; ते मोजणीवरूनच द्यावे लागते. तथापि मोजणी म्हणजे काय, कोणता आकडा कशाचे माप आहे, आणि त्यावरून कोणती उपाययोजना न्याय्य ठरते, याचा विचार झाल्यावाचून केलेली मोजणी लौकिकालाच शास्त्राचा वेष चढविते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची मांडणी वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात केली आहे.

राष्ट्रीय पातळीवर गुन्ह्यांची वार्षिक आकडेवारी १९५३ पासून प्रसिद्ध होत आली आहे; १९८६ पासून हे कार्य राष्ट्रीय गुन्हे अभिलेख केंद्राकडे आले. परंतु या प्रकाशनांतील सर्वांत लहान भौगोलिक घटक जिल्हा हा आहे. वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १३,००,७७४ होती. एवढ्या समूहाचा एकच आकडा हिंगणघाटच्या गिरणी भागातील घरफोडी आणि कारंजा तालुक्यातील एखाद्या बेड्यावरील दारूचा छापा यांना एकाच पोत्यात भरतो. वसाहतीचा प्रश्न हा दोनशे-तीनशे घरांचा, एखाद्या गल्लीचा, कित्येकदा एका नळाचा किंवा एका बंद दिव्याचा प्रश्न असतो. म्हणून येथे स्थानिक, म्हणजे पोलीस ठाण्याच्या व त्याहूनही लहान पातळीवरील नोंदींवाचून गत्यंतर नाही.

२. जिल्ह्यातील सार्वजनिक वसाहती

‘सार्वजनिक गृहनिर्माण’ म्हटले की महानगरातील बहुमजली चाळी डोळ्यांपुढे येतात. वर्धा जिल्ह्यात हे चित्र बहुतांशी लागू पडत नाही. येथील शासकीय घरकुलांचे दोन भिन्न प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत करणे अभ्यासाला मारक ठरते.

पहिला प्रकार विखुरलेल्या घरकुलांचा. इंदिरा आवास, रमाई आवास, शबरी आवास आणि २०१६ पासून ग्रामीण भागात आलेली पंतप्रधान आवास योजना यांखालील घर बहुधा लाभार्थ्याच्या स्वतःच्या जागेवर, जुन्या वस्तीतच उभे राहते. अशा घरांची ‘वसाहत’ होत नाही, आणि त्यांच्याभोवतीचा गुन्हा हा गावाचाच गुन्हा असतो. दुसरा प्रकार एकवट वसाहतींचा. ज्यांना स्वतःची जागा नाही अशा कुटुंबांना शासकीय जमिनीवर, पुष्कळदा गावठाणापासून दूर, एकत्र वसविले जाते. विमुक्त व भटक्या जमातींसाठीची यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आणि पारधी समाजासाठीची घरकुल योजना यांचा विचार या दृष्टीने करावा लागतो. दूरची जागा स्वस्त किंवा निर्वेध असते. परंतु तेथे रस्ता, दिवा, पाणी व बस हे सारे उशिरा पोहोचते. स्थळाची ही निवड पुढे घडणाऱ्या गुन्ह्यांच्या कारणांत मोजावयास हवी. ती रहिवाशांच्या स्वभावाच्या खाती मांडली जाते, ही पहिली चूक होय.

वर्धा शहराच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. नगरपरिषदेची लोकसंख्या २०११ साली सुमारे १,०६,००० होती. पण शहराची खरी वाढ हद्दीबाहेर पिपरी (मेघे), सिंदी (मेघे), बोरगाव (मेघे), सावंगी (मेघे), नालवाडी व म्हसाळा या ग्रामपंचायतींच्या क्षेत्रांत झाली. नवे ले-आऊट याच पट्ट्यात पडले. दुसरीकडे वर्धा शहर, रामनगर, सावंगी (मेघे) आणि सेवाग्राम या पोलीस ठाण्यांच्या हद्दी पोलीस कामाच्या सोयीने आखलेल्या आहेत; त्या ग्रामपंचायतीच्या किंवा प्रभागाच्या सीमांशी जुळतीलच असे नाही. परिणामी गुन्हे एका नकाशावर, माणसे दुसऱ्या नकाशावर आणि दिवाबत्तीचा खर्च तिसऱ्या नकाशावर मोजला जातो. हे तीन नकाशे एकमेकांवर बसविणे हेच स्थानिक अभ्यासाचे पहिले व सर्वांत कष्टाचे काम होय.

३. आकडा कसा घडतो

घटना घडणे आणि गुन्हा नोंदला जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घटना घडल्यावर कोणीतरी फिर्याद द्यावी लागते. ती दखलपात्र आहे की अदखलपात्र याचा निर्णय ठाण्यात होतो. दखलपात्र असल्यास प्रथम खबर नोंदली जाते व तिला अपराध क्रमांक मिळतो. अदखलपात्र असल्यास ती वेगळ्या नोंदवहीत जाते आणि राष्ट्रीय आकडेवारीतून जवळजवळ नाहीशी होते. शेजाऱ्यांतील शिवीगाळ, किरकोळ मारहाण व धमकी या वसाहतीच्या नित्य तक्रारी बहुतांशी याच दुसऱ्या वहीत असतात. मोठ्या भांडणाचे मूळ शोधावयाचे तर ही दुर्लक्षित वही पहिल्या वहीइतकीच मोलाची आहे.

राष्ट्रीय संकलनात ‘मुख्य गुन्ह्या’चा नियमही ध्यानात ठेवावा लागतो. एकाच प्रकरणात अनेक कलमे लावलेली असतील, तर त्यांतील सर्वांत गंभीर गुन्हाच तेवढा मोजला जातो. घरात शिरून चोरी करताना खून झाला, तर मोजणीत खून येतो, घरफोडी येत नाही. जिल्ह्याच्या तक्त्यात याने फारसा फरक पडत नसला, तरी ज्या वसाहतीत वर्षाकाठी पाच-सात गंभीर प्रकरणे होतात तेथे चित्र बदलते.

काळाच्या तुलनेत २०२४ हे वर्ष खंडरेषा मानावे लागेल. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता अमलात आली. कलमांची संख्या ५११ वरून ३५८ वर आली व क्रमांक बदलले. राहत्या घरातील चोरीचे कलम ३८० होते, त्याची जागा आता कलम ३०५ ने घेतली आहे. परंतु खरी अडचण क्रमांकांची नाही. हिसकावून नेण्याचा गुन्हा कलम ३०४ मध्ये प्रथमच स्वतंत्रपणे सांगितला गेला. पूर्वी तो चोरी किंवा जबरी चोरी यांत मोडत असे. यामुळे २०२३ आणि २०२५ ची ‘चोरी’ शब्दाने एक असली तरी आशयाने एक नाही. जो अभ्यासक ही रेषा न ओळखता दहा वर्षांचा आलेख काढील, त्याला विधिमंडळाने केलेला बदल वसाहतीत घडलेला बदल म्हणून दिसेल.

४. दारूबंदीचे गुन्हे : एक विशेष प्रकरण

वर्धा हा गांधीजींच्या सेवाग्रामचा जिल्हा. सुमारे अर्धशतकापासून येथे दारूबंदी आहे; तिचा कायदेशीर आधार १९४९ चा दारूबंदी अधिनियम हा होय. त्यामुळे येथील पोलीस ठाण्यांच्या नोंदींत दारूबंदीखालील गुन्ह्यांना जे स्थान आहे ते शेजारच्या नागपूर किंवा अमरावती जिल्ह्यात असू शकत नाही. वर्ध्याची तुलना या जिल्ह्यांशी एकूण गुन्ह्यांच्या संख्येवरून करणे म्हणूनच निरर्थक ठरते.

यापेक्षा सूक्ष्म मुद्दा असा की, घरफोडीचा गुन्हा फिर्यादीने जन्मतो, दारूबंदीचा गुन्हा छाप्याने. घरफोडी झाली की घरमालक ठाण्यात जातो. दारू विकली गेली की विकणारा व घेणारा दोघेही गप्प राहतात. पोलीस जेथे जातील तेथेच गुन्हा सापडतो. एखाद्या वसाहतीवर महिन्यातून चार छापे पडले व दुसरीवर एकही पडला नाही, तर पहिल्या वसाहतीचा आकडा फुगतो. त्या आकड्याच्या आधारे पुढील महिन्याचे छापे ठरविले, तर पोलीस पुन्हा पहिल्या वसाहतीतच जातात आणि आकडा आणखी फुगतो. हे चक्र एकदा सुरू झाले की, आकडेवारी वस्तुस्थितीचे दर्शन घडविण्याऐवजी पूर्वीच्या निर्णयांचेच प्रतिबिंब दाखवू लागते.

यास्तव स्थानिक अभ्यासात गुन्ह्यांचे दोन गट प्रारंभीच वेगळे करावेत : फिर्यादीवरून नोंदलेले, आणि पोलिसांच्या कारवाईतून उघड झालेले. दारू, जुगार व शस्त्र बाळगणे हे दुसऱ्या गटातील. पहिला गट वसाहतीतील त्रासाचे अपुरे पण उपयुक्त माप देतो. दुसरा गट मुख्यतः पोलीस श्रमाचे माप देतो. दोहोंची बेरीज कशाचेच माप देत नाही.

५. छेदाचा प्रश्न

गुन्ह्यांची संख्या हा अंश झाला. छेद कोणता घ्यावयाचा? येथे एक काल्पनिक उदाहरण घेणे सोयीचे होईल. समजा, एका शासकीय ले-आऊटमध्ये ३०० घरे असून वर्षात ९ घरफोड्या नोंदल्या गेल्या. जुन्या शहरातील एका प्रभागात १,२०० घरे असून २४ घरफोड्या झाल्या. दर हजारी प्रमाण अनुक्रमे ३० आणि २० येते. ले-आऊट दीडपट वाईट, असा निष्कर्ष तत्काळ निघेल. परंतु ३०० पैकी ८० घरे वाटप होऊनही रिकामी असतील, तर राहत्या घरांच्या छेदाने हेच प्रमाण जवळजवळ ४१ होते. आणि त्या ९ पैकी बहुतेक घरफोड्या रिकाम्या घरांचे दरवाजे, नळ व तारा काढून नेण्याच्या असतील, तर राहत्या घरांचे प्रमाण जुन्या प्रभागापेक्षाही कमी निघू शकते. उपाय तेव्हा रात्रीच्या गस्तीत शोधावयाचा की रखडलेल्या ताबापत्रांत, हे छेदाच्या निवडीवर अवलंबून राहते.

दुसरी बाब लहान संख्यांच्या चंचलतेची. विरळ घटनांच्या संख्येत निव्वळ योगायोगाने होणारा चढउतार तिच्या वर्गमुळाच्या सुमारे दुप्पट इतका दोन्ही बाजूंना असू शकतो. ९ चे वर्गमूळ ३. म्हणजे परिस्थिती मुळीच न बदलता संख्या ३ ते १५ च्या दरम्यान कोठेही येऊ शकते, आणि दर हजारी प्रमाण १० ते ५० च्या दरम्यान. जुन्या प्रभागाचे २० हे प्रमाण या पट्ट्याच्या आतच पडते. तेव्हा एका वर्षाच्या आकड्यावरून या दोन वस्त्यांत क्रम लावण्यास शास्त्रीय आधार नाही. ‘चारवरून सात, पंचाहत्तर टक्के वाढ’ अशी वाक्ये वृत्तपत्रांत शोभतात, संशोधनात त्यांना जागा नसावी. तीन ते पाच वर्षांच्या नोंदी एकत्र करणे हा यावरील साधा उपाय आहे.

६. गुन्ह्याचे एकवटणे

लहान क्षेत्राचा अभ्यास एवढा अडचणीचा असूनही तो करावयाचा, याचे कारण असे की गुन्हे समप्रमाणात पसरलेले नसतात. अमेरिकेतील मिनिआपोलिस शहरात पोलिसांकडे आलेल्या दूरध्वनींचा अभ्यास शेर्मन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात शहरातील सुमारे तीन टक्के ठिकाणांवरून निम्मे दूरध्वनी आल्याचे दिसून आले. ‘वाईट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागातही बहुतेक पत्ते शांत असतात. सबंध वसाहतीला गुन्हेगार ठरविणे हे म्हणूनच अन्याय्य तर आहेच, शिवाय ते सांख्यिकीच्या दृष्टीने चुकीचे आहे.

सार्वजनिक वसाहतीच्या बाबतीत या विचाराचा सर्वांत बोधप्रद प्रयोग इंग्लंडमधील रॉचडेल येथील कर्कहोल्ट वसाहतीत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात झाला. स्थानिक नगरसंस्थेच्या मालकीची ही सुमारे २,२८० घरांची वसाहत घरफोड्यांसाठी कुप्रसिद्ध होती. अभ्यासकांनी पोलीस नोंदींबरोबरच ज्यांच्या घरी चोरी झाली ती माणसे, त्यांचे शेजारी आणि शिक्षा झालेले घरफोडे यांच्या मुलाखती घेतल्या. त्यातून दोन गोष्टी हाती आल्या. एकदा फोडलेले घर पुन्हा फोडले जाण्याचा संभव इतर घरांपेक्षा पुष्कळच अधिक होता. आणि जवळपास निम्म्या घरफोड्यांत चोरांनी नाणी टाकून चालणाऱ्या वीज व गॅस मीटरमधील रोकड नेली होती. उपाय यांतूनच निघाला : बळी पडलेल्या घरांतील मीटर बदलले, कड्याकोयंडे पक्के केले, आणि त्या घराच्या लगतच्या पाच-सहा घरांनी परस्परांवर लक्ष ठेवण्याची व्यवस्था लावली. तीन वर्षांत घरफोड्या सुमारे पाऊणपटीने घटल्या. येथे वसाहतीवर पहारा बसविला गेला नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे.

याउलट, केवळ वास्तुरचनेवर भर देणारी विचारसरणी अपुरी ठरली. सेंट लुई येथील प्रुइट-आयगो या अकरा मजली वसाहतीची पाडापाडी १९७२ मध्ये सुरू झाली, आणि त्याच वर्षी ऑस्कर न्यूमन यांनी रहिवाशांच्या देखरेखीखाली राहू शकेल अशा अवकाशाची कल्पना मांडली. ती मोलाची होती. परंतु त्या वसाहतीच्या ऱ्हासात देखभालीच्या निधीची टंचाई व शहराची उतरती लोकसंख्या यांचाही वाटा होता, हे पुढील अभ्यासांनी दाखविले. वर्ध्यातील बैठ्या घरांच्या वसाहतींना उंच इमारतींचे निष्कर्ष जसेच्या तसे लावणे तर मुळीच युक्त नाही.

७. पोलीस ठाण्याबाहेरील नोंदी

स्थानिक आकडेवारी म्हणजे केवळ पोलिसांची आकडेवारी नव्हे. वेल्समधील कार्डिफ येथे जोनाथन शेफर्ड या शल्यविशारदांच्या पुढाकाराने असे आढळून आले की, मारहाणीत जखमी होऊन रुग्णालयात आलेल्यांपैकी पुष्कळांची नोंद पोलिसांकडे नसते. रुग्णालयाने नाव वगळून केवळ स्थळ, वेळ व शस्त्र यांची माहिती पोलीस व नगरसंस्था यांना देण्यास प्रारंभ केला. तत्सम शहरांच्या तुलनेत तेथे हिंसाजन्य दुखापतींसाठी होणारी भरती बरीच कमी झाली, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखविले आहे. वर्धा जिल्हा या दृष्टीने भाग्यवान आहे. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय व वर्ध्याचे सामान्य रुग्णालय ही तीन मोठी रुग्णालये परस्परांपासून थोड्याच अंतरावर आहेत. त्यांच्या न्यायवैद्यकीय नोंदींतून केवळ स्थळ व वेळ एवढेच काढले, तरी मारहाणीचा नकाशा पोलीस नोंदींहून अधिक पूर्ण होऊ शकेल.

दुसरा स्रोत तंटामुक्त गाव समित्यांचा. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ पासून महाराष्ट्रात सुरू झाली. दिवाणी, महसुली, फौजदारी व इतर तंट्यांची नोंद गावपातळीवर ठेवण्याची पद्धत तिने घालून दिली. धुऱ्याचा वाद, नळावरील भांडण, नवऱ्याचे पिणे यांचा गुन्ह्यापूर्वीचा इतिहास या वह्यांत सापडतो. मात्र मोहिमेत तंटे मिटविण्यावर गुण व पुरस्कार अवलंबून होते. जेथे आकड्यावर बक्षीस मिळते तेथे आकड्याकडे सावधपणे पाहावे लागते.

तिसरे उदाहरण महाराष्ट्रातीलच. पुण्यात व २००४ च्या सुमारास मुंबईत ए. एन. रॉय हे पोलीस आयुक्त असताना, जोकिन अर्पुथम यांच्या झोपडपट्टीवासीय संघटनेच्या व महिला मिलनच्या सहकार्याने झोपडपट्टी पोलीस पंचायती स्थापन झाल्या. प्रत्येक पंचायतीत वस्तीतील सात स्त्रिया व तीन पुरुष असत आणि त्यांच्या जोडीला एक पोलीस कर्मचारी असे. घरगुती भांडण, पैशाची देवघेव, मद्यपानातून होणारा त्रास अशा बाबी तेथे मिटविल्या जात. आकडेवारीच्या दृष्टीने तिचे महत्त्व असे की, ज्या तक्रारी घेऊन बाई ठाण्याची पायरी चढत नाही त्या येथे बोलल्या जातात. आणि जी तक्रार बोलली जाते तीच मोजता येते.

८. नोंदीचा दुसरा इतिहास

वसाहत आणि नोंदवही यांचा संबंध या देशात नवा नाही, आणि तो निर्दोषही नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती अधिनियमाने संपूर्ण जमातींना जन्माने गुन्हेगार ठरविले. त्यांची नावे नोंदली गेली, हजेरी घेतली गेली, परवान्यावाचून गाव सोडण्यास बंदी झाली. पुढे १९११ व १९२४ च्या कायद्यांनी ही व्यवस्था विस्तारली. मुंबई इलाख्यात सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातील वसाहती उभ्या राहिल्या. ‘सेटलमेंट’ हा शब्द मराठीत राहिला तो याच अनुभवातून. शासनाने घर दिले आणि त्याच घराच्या दारावर गुन्ह्याची पाटी लावली, असे तिचे स्वरूप होते. अय्यंगार समितीच्या शिफारशीनंतर हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. तथापि सराईत गुन्हेगारांसंबंधीच्या कायद्यांनी आणि पोलिसी सवयीने त्याची छाया लांबविली.

विदर्भातील पारधी बेड्यांच्या संदर्भात हा इतिहास विसरून चालणार नाही. जवळपास चोरी झाली की प्रथम बेड्यावर जावयाचे, या रिवाजाने तेथील अटकांची संख्या वाढते. वाढलेली संख्या रिवाजाचे समर्थन करते. चौथ्या भागात दारूबंदीच्या छाप्यांविषयी जे चक्र सांगितले, त्याचेच हे अधिक जुने व अधिक क्रूर रूप आहे. म्हणून वसाहतीचा अभ्यास करताना अटकेची संख्या हे गुन्ह्याचे माप मानू नये. घटनास्थळ मोजावे, संशयिताचा पत्ता मोजू नये. वसाहतीत घडलेला गुन्हा आणि वसाहतीतील माणसावर ठेवलेला आरोप यांतील भेद हा या विषयाचा नैतिक तसाच शास्त्रीय पाया आहे. पहिल्या मोजणीत रहिवासी बहुधा फिर्यादी म्हणून दिसतो, दुसऱ्या मोजणीत केवळ आरोपी म्हणून.

९. अभ्यासाची दिशा

जिल्ह्यातील पदव्युत्तर विद्यार्थ्याला या क्षेत्रात करण्याजोगे पुष्कळ आहे, आणि त्यासाठी फार मोठी साधने लागत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्णयानुसार संवेदनशील प्रकरणे वगळता प्रथम खबरी अहवाल प्रसिद्ध करावे लागतात. त्या नमुन्यात घटनास्थळाची ठाण्यापासूनची दिशा व अंतर आणि घटनेची वेळ यांचे रकाने असतात. एका वसाहतीच्या पाच वर्षांच्या अहवालांतून नावे सर्वस्वी गाळून स्थळ, वेळ, प्रकार व नोंदीचा उगम एवढेच चार रकाने भरावेत. त्यावर ग्रामपंचायतीच्या दिवाबत्तीची स्थिती, पाणी येण्याच्या वेळा, रिकामी घरे व शेवटच्या बसची वेळ बसवावी. नंतर घरोघर पाहणी करून गेल्या वर्षभरात काय घडले व त्यांपैकी किती घटना ठाण्यापर्यंत गेल्या हे विचारावे. नोंदलेल्या व न नोंदलेल्या घटनांतील हे अंतर हाच बहुधा अशा पाहणीचा सर्वांत मौलिक निष्कर्ष ठरेल. दोन-तीनशे घरांच्या वसाहतीत नाव गाळूनही माणूस ओळखू येऊ शकतो. तेव्हा घरनिहाय नकाशा प्रसिद्ध करू नये, आणि निष्कर्ष प्रथम रहिवाशांपुढे वाचून दाखवावेत.

अशा अभ्यासाचे फलित नेहमीच पोलिसांच्या नावे निघेल असे नाही. दिवा लावण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीची, ताबापत्राची तहसील कार्यालयाची, पाण्याच्या वेळेची पाणीपुरवठा यंत्रणेची आणि भांडण वेळीच ऐकून घेण्याची समितीची असू शकेल. घटना कोठे, केव्हा व कशामुळे घडते हे दाखविणारी आकडेवारी प्रत्येकाच्या वाट्याचे काम निश्चित करते. केवळ कोणत्या वसाहतीत ‘गुन्हेगार’ राहतात एवढेच सांगणारी आकडेवारी मात्र सर्वांना त्या कामातून मोकळे करते, आणि तिचा भार शेवटी ज्यांना शासनाने घर दिले त्यांच्याच माथी पडतो.